फोन कोण उचलतो? छोट्या व्यवसायांना ऑनलाइन मार्केटिंग विकण्याचा अनुभव

छोट्या व्यवसायांना ऑनलाइन मार्केटिंगची सेवा विकणे हा माझा व्यवसाय आहे. दंतवैद्य, घरगुती उपकरणे दुरुस्त करणारे, शिकवणी वर्ग चालवणारे, फर्निचर बनवून देणारे, छोट्या व्यायामशाळांचे चालक, अशा ज्यांचे जवळजवळ सगळे गिऱ्हाईक आसपासच्या काही किलोमीटरांतूनच येते, त्यांच्याबरोबर मी काम करते. मोठ्या कंपनीत समोर मार्केटिंग विभाग असतो, बजेट ठरलेले असते आणि बैठकीसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. इथे निर्णय घेणारा, काम करणारा, फोन उचलणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि त्याच्याशी होणारे बोलणे त्याच्या कामाच्या धबडग्यातच उरकावे लागते. त्याला ब्रँड, पोहोच, एंगेजमेंट या शब्दांशी कर्तव्य नसते. येत्या आठवड्यात काम किती येईल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या विक्रीची सारी पद्धत त्याच्याभोवतीच घडत गेली आहे.

कोणालाही भेटण्यापूर्वी मी त्याचे गिऱ्हाईक होऊन पाहते. त्या भागात उभी राहून मोबाइलवर त्या सेवेचा शोध घेते, नकाशात कोण वर दिसते ते पाहते, त्याचे गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, उघडते, दिलेल्या क्रमांकावर फोन लागतो की नाही ते तपासते. स्थानिक शोधातील क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगल स्वतःच सांगते: शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाचा संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यांतील अंतर कोणाच्याच हातात नसते. ख्याती रिव्ह्यूंमधून आणि इतरत्र होणाऱ्या उल्लेखांतून हळूहळू जमते. संबंध मात्र पुष्कळदा एका बैठकीत सुधारता येतो, कारण मुख्य वर्गवारीच चुकीची निवडलेली असते, सेवांची यादी रिकामी असते किंवा कामाच्या वेळा जुन्या असतात. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, हेही गूगलने स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि हे वाक्य मी पहिल्याच भेटीत सांगते.

ते सांगावे लागते, कारण या क्षेत्रात माझ्या आधी येऊन गेलेल्या लोकांनी जमीन फार नासवून ठेवली आहे. 'पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे फोन प्रत्येक व्यावसायिकाला येतात, आणि काही जण तर आपण गूगलमधूनच बोलत असल्याचे भासवतात. गूगलच्या जाहिराती चालवणाऱ्या त्रयस्थ एजन्सींसाठी जे नियम आहेत, त्यांत वरच्या क्रमांकाची हमी देणे आणि आपण गूगलच आहोत असे भासवणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. पण हे नियम त्या बिचाऱ्या दंतवैद्याला कोण सांगणार? त्यामुळे मी दारात पाऊल ठेवते तेव्हा समोरच्याच्या मनात संशय आधीच बसलेला असतो, आणि तो योग्यच असतो असे मला वाटते.

पहिल्या संपर्काचे सगळे प्रकार मी केले आहेत: फोन, ईमेल, थेट जाऊन भेटणे. त्यांपैकी टिकला तो एकच प्रकार, तो म्हणजे वर्दळ नसलेल्या वेळी प्रत्यक्ष जाणे आणि एकच नेमकी गोष्ट दाखवणे. 'तुमच्या दारावरची पाटी रविवारी सुरू म्हणते, पण प्रोफाइलवर रविवारी बंद दिसते आहे' हे वाक्य आणि मोबाइलच्या पडद्यावर त्याचा पुरावा, एवढे पुरते. ती दुरुस्ती मी तिथल्या तिथे त्यांनाच करायला लावते आणि तिचे पैसे घेत नाही. माझ्या व्यवसायातले काही जण यंत्राने तयार होणारा लांबलचक 'ऑडिट रिपोर्ट' पाठवतात. त्यात लाल रंगाच्या इशाऱ्यांचा भडिमार असतो आणि त्यांतील बहुतेक इशाऱ्यांचा त्या दुकानाच्या कमाईशी काडीचा संबंध नसतो. घाबरवून मिळवलेले काम मला नको असते. घाबरलेला माणूस सही करतो खरा, पण सहकार्य करत नाही, आणि मालकाच्या सहकार्याशिवाय हे काम होतच नाही.

त्यानंतरच्या बैठकीत मी सेवांबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही, फक्त विचारते. सध्या गिऱ्हाईक कुठून येते? कोणते काम जास्त यावे असे वाटते, आणि कोणते नकोसे झाले आहे? आठवड्याला आणखी किती काम झेपेल? एक नवे गिऱ्हाईक वर्षभरात साधारण किती वेळा परत येते? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: फोन कोण उचलतो? या उत्तरांवरून आम्ही दोघे मिळून एका कागदावर हिशेब मांडतो. जाहिरातीचे पैसे क्लिकमागे द्यावे लागतात. समजा, शंभर क्लिकमागे आठ फोन आले आणि त्या आठांतून दोन कामे मिळाली, तर एका कामामागे पन्नास क्लिकांचा खर्च पडला. त्या कामातून साहित्य आणि मजुरी वजा जाता जे उरते ते पन्नास क्लिकांच्या खर्चापेक्षा ठळकपणे जास्त असेल तरच जाहिरात करण्यात अर्थ आहे. आठांपैकी चार फोन कोणी उचललेच नाहीत, तर हाच खर्च दुप्पट होतो. हा हिशेब साधा आहे, पण तो मालकाच्या हाताने, मालकाच्या आकड्यांनी झाला पाहिजे. माझ्या तोंडून आलेला आकडा त्याला विक्रेत्याचा आकडा वाटतो. आणि फोन उचलायला माणूसच नसेल, तर मी जाहिरातीचे काम घेत नाही, आधी त्याची व्यवस्था करा असे सांगते.

घरगुती उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका व्यावसायिकाबरोबरची बैठक इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. एका एजन्सीने त्यांच्या जाहिराती काही महिने चालवल्या होत्या, खर्च भरपूर झाला होता आणि काम फारसे आले नव्हते. 'या ऑनलाइनमध्ये काही राम नाही' हे त्यांचे मत पक्के झाले होते. मी त्यांना एवढेच म्हटले की मत बदलू नका, पण पैसे कुठे गेले ते आपण बघू. सुदैवाने खात्यात त्यांना प्रवेश होता. आम्ही 'सर्च टर्म्स'चा रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केले आणि त्यावर जाहिरात दिसून क्लिक झाले, त्याची यादी. त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. दुरुस्तीचा कोर्स. दुरुस्तीच्या कामाची नोकरी. सुट्या भागांची किंमत. एका नामांकित कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक. घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी. प्रत्येक ओळीला ते थांबत आणि म्हणत, 'हे माझे गिऱ्हाईक नाही.' पुढे तर ओळी अशा शहरांतून आलेल्या निघाल्या जिथे ते कधी पाऊलही टाकणार नव्हते.

कारणे तांत्रिक होती, पण समजायला अवघड नव्हती. निवडलेले शब्द 'ब्रॉड मॅच' पद्धतीने ठेवलेले होते, म्हणजे त्या विषयाच्या जवळपास जाणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू शकत होती. आणि नको असलेल्या शब्दांची, म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड्सची, यादी कोणी बनवलीच नव्हती. दुसरे म्हणजे जागेची निवड करताना गूगल ॲड्समध्ये मुळात जो पर्याय लागलेला असतो, त्यात त्या भागात असलेल्या लोकांबरोबर त्या भागाविषयी रस दाखवणारे लोकही धरले जातात. घरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या माणसाला दुसऱ्या पर्यायाची, म्हणजे फक्त त्या भागात असणाऱ्या किंवा नियमित येणाऱ्या लोकांची गरज असते. तो पर्याय एका टिचकीने बदलता येतो. कोणी बदलला नव्हता, एवढेच.

मला त्या बैठकीतले पुढचे अधिक मोलाचे वाटते. नको असलेल्या शब्दांची यादी मी करायला घेतली, पण दहा मिनिटांत पेन त्यांच्या हातात गेले. कोणत्या कंपनीच्या यंत्राला ते हात लावत नाहीत, कोणता बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा नवे यंत्र घेणे लोकांना परवडते, वॉरंटीतल्या यंत्राची माणसे कशी विचारणा करतात, हे त्यांना पाठ होते. नंतर ते आपण होऊनच उलट्या बाजूला वळले आणि गिऱ्हाईक फोनवर तक्रार कोणत्या शब्दांत सांगते ते लिहू लागले: पाणी गळते, ड्रम फिरत नाही, मोठा आवाज येतो, दार उघडत नाही. हे शब्द कोणत्याही कीवर्ड टूलने मला इतक्या नेमकेपणाने दिले नसते. त्यांच्या धंद्याचे ज्ञान त्यांच्याकडे होते आणि ते जाहिरातीपर्यंत पोहोचवण्याचे तंत्र माझ्याकडे. मी नेमके काय विकते ते त्या दिवशी त्या टेबलावर दोघांनाही दिसले. जिथे आधीचे खाते असते तिथे आजही विक्रीचे बोलणे करण्यापूर्वी मी ही यादी मालकाबरोबर बसून वाचते.

खाते कोणाच्या नावावर आहे, हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा आहे की त्याबद्दल थोडे जास्त लिहिते. अनेक ठिकाणी असे आढळते की जाहिरातीचे खाते जुन्या एजन्सीचे आहे, वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर नोंदवलेले आहे, आणि बिझनेस प्रोफाइलचा प्राथमिक मालक म्हणून कधीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा ईमेल लागलेला आहे. वर्षानुवर्षे जमवलेले रिव्ह्यू असे दुसऱ्याच्या मुठीत असतात. प्रोफाइल परत मिळवण्याची रीत आहे: मालकीची विनंती पाठवायची, सध्याच्या मालकाला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात, आणि उत्तर आले नाही तर बऱ्याचदा स्वतः पडताळणी करून प्रोफाइलवर हक्क सांगता येतो. नव्या मालकाला पहिले ७ दिवस सगळे अधिकार वापरता येत नाहीत, हेही आधी सांगून ठेवावे लागते. डोमेनचे प्रकरण याहून कठीण. ज्याच्या नावावर नोंदणी त्याचीच संमती लागते.

म्हणून माझ्या करारात पहिले कलम मालकीचे असते. डोमेन, प्रोफाइल, जाहिरातीचे खाते, सोशल मीडियावरची पाने, सगळे व्यावसायिकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडायचे आणि मला फक्त व्यवस्थापक म्हणून प्रवेश द्यायचा. गूगल ॲड्समध्ये यासाठी मॅनेजर खाते असते आणि फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या बिझनेस व्यवस्थेत भागीदार म्हणून प्रवेश देता येतो. पासवर्ड मागण्याची गरजच नसते. माझ्या ओळखीचे काही व्यावसायिक म्हणतात की असे केल्याने गिऱ्हाईक सहज सोडून जाते. जाऊ दे. ज्याला अडकवून ठेवावे लागते त्याच्याशी माझे नाते सेवेचे राहत नाही. शिवाय कंपन्यांच्या फुकट सोयींवर सारी भिस्त ठेवण्यात दुसराही धोका आहे. गूगल माय बिझनेस ही सेवा नोव्हेंबर २०२१ मध्ये गूगल बिझनेस प्रोफाइल झाली, तिथून बनणाऱ्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि त्याच वर्षीच्या ३१ जुलैला प्रोफाइलवरची चॅटही बंद झाली. ज्यांची एकमेव वेबसाइट ती मोफत साइट होती, त्यांच्या छापील कार्डांवरचा पत्ता निकामी झाला. स्वतःच्या नावावरचे डोमेन घ्या, असा आग्रह मी धरते तो याचसाठी.

प्रस्ताव मी एका पानाचा देते. मी काय करीन, मालकाने काय करायचे आणि कशाची हमी देता येत नाही, असे तीन भाग. जाहिरातीचा खर्च मालकाच्या कार्डावरून थेट कंपनीला जातो आणि माझी फी वेगळी असते. फी घेत असल्यास ती ग्राहकाला लेखी कळवणे गूगलच्या नियमांप्रमाणे बंधनकारकही आहे. जाहिरात खर्चाच्या टक्केवारीने फी घेण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे, पण छोट्या व्यवसायासाठी ती मला पटत नाही, कारण खर्च कमी करा हा सल्ला देताना माझेच उत्पन्न घटते. प्रत्येक लीडमागे, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईकाच्या प्रत्येक चौकशीमागे पैसे, ही पद्धत ऐकायला न्याय्य वाटते, मात्र चुकीच्या क्रमांकावरून आलेला फोन लीड धरायचा का, जुनेच गिऱ्हाईक पुन्हा आले तर ते कोणाचे, असे वाद दर महिन्याला उभे राहतात. म्हणून ठरावीक मासिक फी आणि सुरुवातीला तीन महिन्यांचा करार. जाहिरातींचा अंदाज काही आठवड्यांत येतो. शोधातील स्थान सुधारायला महिने लागतात, आणि ते मी तसेच सांगते.

'आमचे काम तोंडी प्रसिद्धीवर चालते' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. मी तो खोडत नाही. ज्याला मित्राने नाव सुचवले, तो माणूसही आज आधी मोबाइलवर ते नाव शोधतो, आणि तिथे चुकीचा क्रमांक किंवा अनुत्तरित तक्रार दिसली तर मित्राची शिफारस वाया जाते, एवढे दाखवते. तोंडी प्रसिद्धीवर जगणाऱ्या व्यवसायाला बऱ्याचदा जाहिरात लागतही नाही. प्रोफाइल नीट ठेवणे आणि रिव्ह्यूंना उत्तरे देणे पुरते. तसे असेल तर मी तेवढेच विकते. याउलट रिव्ह्यू विकत आणून देण्याची मागणी आली की मी ठामपणे नाही म्हणते. बनावट रिव्ह्यू, सवलतीच्या बदल्यात घेतलेले रिव्ह्यू आणि फक्त खूश दिसणाऱ्या ग्राहकांकडूनच रिव्ह्यू मागणे, या तिन्हींना गूगलच्या धोरणात मनाई आहे. काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक ग्राहकाला एकच लिंक पाठवायची, ही सरळ पद्धत हळू चालते पण टिकते.

करार झाल्यावरचे पहिले काम बहुधा गूगलवरच्या प्रोफाइलच्या पडताळणीचे असते. आता ती अनेकदा व्हिडिओवर होते, आणि तो एकसलग घ्यावा लागतो: आधी रस्ता आणि आजूबाजूची ओळखीची खूण, मग पाटी, मग कुलूप उघडून आत जाणे, मग कामाची हत्यारे किंवा यंत्रे, म्हणजे तो व्यवसाय तिथे आहे आणि चित्रण करणारा तो चालवतो हे दिसावे. मालक हे चित्रण करताना अवघडतात, म्हणून मी एकदा रिकामी फेरी करून घेते आणि चित्रण मात्र त्यांच्याच हातून करवते. याच वेळी नावाचा प्रश्न निघतो. नावापुढे 'स्वस्त', 'चोवीस तास', भागाचे नाव असे शब्द जोडावेत असे मालकांना वाटते, कारण शेजारच्याने जोडलेले असतात. प्रोफाइलवरचे नाव पाटीवरच्या नावाशी जुळले पाहिजे, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकते, आणि निलंबन उठवण्यात जाणारे आठवडे कोणत्याही छोट्या व्यवसायाला परवडत नाहीत.

रिपोर्टबाबत माझी मते आग्रही आहेत. जाहिरात किती वेळा दिसली हा आकडा मोठा असतो आणि बघायला छान वाटतो, पण मालकाच्या कामाचा नसतो. माझ्या पानावर वरच्या ओळीत खर्च, फोन आणि त्यांतून झालेली कामे असतात. फोनच्या आकड्यातही खाचाखोचा आहेत: गूगल ॲड्समध्ये मुळात ६० सेकंदांहून लांब चाललेला कॉल यशस्वी धरला जातो, आणि दंतवैद्याकडची भेटीची वेळ चाळीस सेकंदांत ठरू शकते. म्हणून फोनशेजारी एक साधी वही ठेवायला सांगते. तारीख, काम आणि 'आमचा पत्ता कुठून कळला' याचे उत्तर, एवढेच त्यात लिहायचे. महिनाअखेरीस वही आणि गूगल ॲड्समधल्या आकड्यांचे पान शेजारी ठेवले की दोन्हींच्या मधले सत्य सापडते.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यात अशा वहीमुळेच ध्यानात आले की दुपारच्या दोन तासांत जाहिरातीवरून फोन येत होते आणि त्याच वेळी स्वागतकक्षातल्या बाई जेवायला जात होत्या. जाहिरातीचे वेळापत्रक बदलून ते दोन तास वगळले, संध्याकाळचा वेळ वाढवला आणि उरलेल्या चुकलेल्या फोनांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचा क्रमांक पुढे ठेवून त्यावर आपोआप जाणारे उत्तर लावले. जाहिरातीतल्या एका शब्दालाही हात लावावा लागला नाही.

तीन महिने संपताना मी वही, रिपोर्ट आणि सुरुवातीचा हिशेबाचा कागद घेऊन जाते आणि आम्ही दोघे आकडे पुन्हा मांडतो. काही जण तिथे थांबतात. त्यांना प्रवेशांची यादी, नको असलेल्या शब्दांची यादी आणि चालू जाहिरातींची नोंद देऊन मी माझा प्रवेश काढून घेते. काही जणांकडे काम इतके भरलेले असते की पुढचे महिने जाहिरात बंद ठेवणेच शहाणपणाचे ठरते. उपकरणे दुरुस्त करणाऱ्या त्या व्यावसायिकांनी हंगामात तसेच केले. तेव्हा त्यांनी फक्त प्रोफाइलची देखभाल आणि रिव्ह्यूंना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे ठेवले आणि मी फी त्या प्रमाणात कमी केली. हंगाम ओसरल्यावर जाहिरात पुन्हा सुरू करायची तर कोणत्या बिघाडांपासून, याची यादी त्यांनी आधीच लिहून माझ्याकडे दिली आहे.